शशी गोडबोलेला शिकवायचे की सतीशला?

‘इंग्लिश विंग्लिश’ हा गौरी शिंदे यांचा पहिला चित्रपट ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून महिला मेळाव्यांत, बचत गटांच्या शिबिरांत, आठ मार्चच्या भाषणांत त्याचा दाखला एका ठरावीक पद्धतीने दिला जातो. इंग्रजी न येणारी एक गृहिणी चार आठवड्यांत इंग्रजी शिकते, लग्नाच्या भरल्या मांडवात उभी राहून बोलते आणि घरच्यांचे डोळे उघडतात. तेव्हा भगिनींनो, तुम्हीही शिका, बोला, पुढे या. दाखला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु चित्रपट नीट पाहिला तर तो जवळजवळ उलटी गोष्ट सांगतो, आणि ती कोल्हापूरसारख्या शहराने ऐकून घेणे अधिक गरजेचे आहे, असे माझे ठाम मत आहे. शशी गोडबोले या बाईमध्ये मुळात आत्मविश्वास नव्हता, असे त्या चित्रपटात कुठेही दिसत नाही. तो तिच्याजवळ होता. तिच्याच घरात, तिच्याच हातचे जेवणारी माणसे तो रोज थोडा थोडा काढून घेत होती.

चित्रपटाची सुरुवात आठवून पाहावी. शशी पुण्यात राहते, घरी लाडू वळते आणि विकते. गिऱ्हाइकांशी बोलताना ती अडखळत नाही. मागणी घेते, माल वेळेवर पोहोचवते, आणि कोणी चवीची तारीफ केली की मोकळेपणाने खुलते. व्यवहार कळणारी आणि शब्दाला जागणारी अशी ही बाई आहे. तिचा आवाज खाली जातो तो घराच्या उंबऱ्याच्या आत. एखादा इंग्रजी शब्द चुकला की मुलगी सपना आणि नवरा सतीश हसतात. हसण्यात दुष्टावा नसतो, म्हणूनच त्याला उत्तरही देता येत नाही. सपनाच्या शाळेतील पालकसभेचा प्रसंग तर मला संपूर्ण चित्रपटाची किल्ली वाटतो. तेथील शिक्षक केरळचे आहेत आणि त्यांचे हिंदी कच्चे आहे. शशीचे इंग्रजी कच्चे आहे. दोन मोठी माणसे एकमेकांची अडचण ओळखून बोलतात, मुलीच्या अभ्यासाविषयी जे कळायला हवे ते आईला कळते, आणि काम होते. त्या खोलीत कोणाचेही काही बिघडलेले नसते. लाज वाटते ती फक्त मुलीला, आणि परतीच्या वाटेवर ती आईवर जो राग काढते, त्याचे मूळ आईच्या इंग्रजीत शोधणे म्हणजे मारणाऱ्याला सोडून मार खाणाऱ्याची तपासणी करण्यासारखे आहे.

गौरी शिंदे यांनी स्वतः सांगितले आहे की त्यांच्या आई पुण्यात घरगुती लोणच्यांचा व्यवसाय करत, त्यांना इंग्रजी फारसे येत नसे आणि लहानपणी आपल्याला त्याची लाज वाटत असे. हा चित्रपट म्हणजे आईची मागितलेली माफी आहे. ही माहिती बहुतेकांना ठाऊक असते, पण तिचा अर्थ पुरेसा लक्षात घेतला जात नाही. चित्रपट काढणारी व्यक्ती शशी नाही, ती सपना आहे. मोठ्या झालेल्या मुलीने आपल्या वागण्याचा हिशेब मांडलेला आहे. म्हणजे हा चित्रपट ज्यांना उद्देशून आहे ती माणसे घरातली मुले आहेत, नवरे आहेत. आणि आपण मात्र तो मेळाव्याला जमलेल्या बायकांना दाखवतो, त्यांनी काय करायचे ते त्यांनाच सांगतो आणि ज्यांनी तो पाहायला हवा त्यांना घरी टीव्हीसमोर ठेवून येतो.

न्यूयॉर्कमध्ये भाचीच्या लग्नासाठी आधी एकटीच गेलेली शशी लाडू विकून साठवलेल्या पैशांतून तेथील इंग्रजीच्या वर्गाची फी भरते. त्या वर्गात जे घडते ते भाषेच्या पलीकडचे आहे. पाकिस्तानी टॅक्सीचालक, दक्षिणेकडचा संगणक अभियंता, मुले सांभाळणारी मेक्सिकन बाई, फ्रेंच स्वयंपाकी अशी सगळीच माणसे तिथे चुका करतात, आणि कोणाच्या चुकीला कोणी खालच्या पायरीवर बसवत नाही. शिक्षक तिचा व्यवसाय विचारतो, आणि लाडू करून विकण्याला तो सरळ उद्योग म्हणतो. घरात ज्या कामाची ओळख ‘तिचा छंद’ अशी होती, त्याला एका परक्या माणसाने पहिल्या भेटीत त्याच्या खऱ्या जागी बसवले. कोणी म्हणेल की परके लोकही अपमान करतातच. कॉफीच्या दुकानातली ती बाई शशीला किती वाईट बोलते! खरे आहे, आणि तो प्रसंग पाहताना जीव कासावीस होतो. पण त्या अपमानानंतर शशी रडते, सावरते आणि वर्गाचा पत्ता शोधते. घरातल्या अपमानानंतर ती गप्प बसत आलेली असते. बाहेरचा घाव माणसाला हलवतो, आणि घरातला, रोजचा, प्रेमाच्या आवरणाखालचा घाव त्याला जागीच बसवतो, हा फरक दिग्दर्शिकेने फार नेमका टिपला आहे. शशी साकारणाऱ्या श्रीदेवींच्या अभिनयाचे मोठेपण मला त्या गप्प बसण्यात दिसते. शेवटच्या भाषणात जितके दिसते त्याहून अधिक.

चित्रपटात फ्रेंच स्वयंपाक्याशी बोलताना शशी एक गोष्ट बोलून जाते: पुरुषाने स्वयंपाक केला की ती कला ठरते आणि बाईने केला की ते तिचे कर्तव्य. हे वाक्य कोल्हापूरकराने ऐकावे आणि पुढे जाऊन विसरावे, असे मला वाटत नाही, कारण त्याचा पुरावा आपल्याकडे दर आठवड्याला मिळतो. या जिल्ह्यातल्या पुरुषांना स्वयंपाक येत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. रस्सा मंडळ ही आपली खास परंपरा आहे. शेतावर, नदीकाठी, पन्हाळ्याच्या वाटेवर कुठेतरी चूल मांडायची, मटण चिरण्यापासून कट वर येईपर्यंत सगळे पुरुषांनी करायचे, पन्नास माणसांच्या अंदाजाने तिखटमीठ पडायचे आणि जेवण झाल्यावर करणाऱ्याचे नाव महिनाभर निघायचे. त्या हाताची चव खरोखर असते, आणि त्या कौतुकात मला काहीही गैर वाटत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की तोच हात सोमवारी सकाळी साडेसहाला मुलांच्या डब्याची भाजी का फोडणीला टाकत नाही? आणि ज्या चटणीच्या जोरावर तो रस्सा रंगतो, ती कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात कोणी केली? मिरच्या आणून निवडणे, देठ काढून उन्हात वाळवणे, खोबरे आणि मसाले भाजणे, कांडपावर नेऊन शिंकत-खोकत उभे राहणे, घरी आणून कांदा-लसणाचे वाटण मिसळणे आणि वर्षभर टिकेल अशा बेताने बरण्यांत भरणे, हे आठवड्याभराचे काम घरातल्या बाया करतात, आणि बरणीवर कोणाचे नाव नसते. कोल्हापूरची देशभर जी ओळख आहे तिचा मोठा भाग या निनावी बरण्यांतून आलेला आहे.

या बाया व्यवसायात पुढे गेल्या तरी त्यांच्याविषयीचे बोलणे बदलत नाही. मंगळवार पेठेत, कसबा बावड्यात, राजारामपुरीच्या गल्ल्यांत दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या, पुरणपोळ्या करून देणाऱ्या, शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलांचे डबे करणाऱ्या कितीतरी बायका आहेत. किलोचा भाव त्या ठरवतात, तेल महागले की पोटात गोळा त्यांच्या येतो, उधारी त्या वसूल करतात. त्यांच्या घरी गेले आणि चौकशी केली, तर नवरा आपुलकीने सांगतो, ‘ही घरीच असते, फावल्या वेळात जरा काहीतरी करते.’ चित्रपटातला सतीश लग्नघरात पाहुण्यांपुढे, माझी बायको लाडू करण्यासाठीच जन्माला आली आहे, अशा अर्थाचे बोलतो, आणि त्याला वाटते आपण कौतुक केले. हे दोघे वाईट माणसे नाहीत. नेमकी हीच अडचण आहे. वाईट माणसाविरुद्ध कायदा आहे, शेजारी आहेत, माहेर आहे. चांगल्या माणसाच्या या सवयीविरुद्ध गृहिणीकडे काहीच नाही, आणि म्हणून तिला सांगितले जाते की तूच आत्मविश्वास वाढव.

हा सल्ला देताना आणखी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे वेळ. शशी वर्गाला जाऊ शकली, कारण तिचे घर हजारो किलोमीटर दूर होते. पुण्यात राहून तिला रोज दोन तास मिळाले असते का, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही, पण उत्तर मात्र देतो: नवरा आणि मुले न्यूयॉर्कला येऊन पोहोचताच तिचा वर्ग अडचणीत येतो, आणि ती बाहेर असताना मुलाला लागते तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. यातली खरी गोम पुढे आहे: दिवसभरात असे कोणतेही घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्क्यांच्या वर होते आणि पुरुषांचे २६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चारपैकी तीन पुरुषांनी त्या दिवशी घरातल्या कामाला हातच लावलेला नव्हता. हे पाच तास सलगही नसतात. पाणी येण्याची वेळ, शाळेच्या रिक्षाची वेळ, सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ, गॅस येण्याची वेळ, असे ते दिवसभर विखुरलेले असतात, आणि मधल्या फटींत बाईने स्वतःला घडवावे अशी अपेक्षा असते. अशा बाईला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला बोलावताना तिच्या घरी त्या दोन तासांत कोण उभे राहणार, हे ठरवले नसेल तर ते शिबिर तिच्यावर टाकलेले आणखी एक काम ठरते.

मुलाला काही झाले की आईच्या कामाकडे बोट दाखवायचे, हा प्रकार एकट्या या चित्रपटातला नाही. सुरेश त्रिवेणी यांच्या २०१७ च्या ‘तुम्हारी सुलू’मध्ये विद्या बालन यांनी साकारलेली विरारची गृहिणी रेडिओवर रात्रीचा कार्यक्रम करू लागते, तिच्यात उत्साह इतका आहे की आत्मविश्वासाचा धडा तिनेच इतरांना द्यावा. तरीही माहेरच्या माणसांचे टोमणे, नवऱ्याची वाढती अस्वस्थता आणि मुलाच्या शाळेतले प्रकरण यांचा भार शेवटी तिच्या नोकरीवरच येऊन पडतो. दोन्ही चित्रपटांत वडीलही कामाला जात असतात. त्यांच्या कामावर कोणी बोट ठेवत नाही.

आपले कायदे आणि सरकारी कागद गृहिणीच्या कामाकडे कसे पाहत आले, तेही सांगितले पाहिजे, कारण घरातली नजर हवेतून येत नाही. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रिया काम न करणाऱ्यांच्या ज्या गटात मोडत होत्या, त्याच गटात भिकारी आणि कैदीही होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात यावर कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी अशाच एका प्रकरणात गृहिणीची कामे एकामागून एक नोंदवली आणि तिच्या कामाचे काल्पनिक उत्पन्न धरणे म्हणजे त्या श्रमाला मान्यता देणे होय, अशी भूमिका मांडली. दोन्ही निकाल स्वागतार्ह आहेत. मात्र ही दोन्ही प्रकरणे मोटार अपघातांची होती, आणि त्यांतल्या गृहिणी हयात नव्हत्या. बाई रस्त्यावरच्या अपघातात गेली की तिच्या कामाचा महिन्याचा भाव काढायला न्यायाधिकरण बसते. ती स्वयंपाकघरात उभी असताना तो भाव कोणी काढत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये, नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमाचाही वाटा आहे, असे मान्य केले, तेव्हा जिवंत गृहिणीच्या बाजूने विचार होऊ लागल्याची खूण मिळाली. या दिशेने महाराष्ट्रात स्पष्ट कायदा हवा आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण आणले आणि त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला; देशाने तो २००५ मध्ये स्वीकारला. ज्या राज्याने मुलीच्या हक्कासाठी देशाच्या अकरा वर्षे आधी पाऊल टाकले, त्याने पत्नीच्या श्रमासाठी थांबून राहण्याचे कारण नाही.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतून ऑगस्ट २०२४ पासून पात्र स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येऊ लागले. या योजनेवर राजकीय आणि आर्थिक आक्षेप अनेक आहेत आणि त्यांतले काही मला पटतातही. पण बाईच्या नावावरचे खाते, त्यातली तिची रक्कम आणि ती काढायला तिने स्वतः बँकेत जाणे, यांनी जो ताठपणा येतो तो दहा भाषणांनी येत नाही, हे मी आजूबाजूला पाहतो आणि ते नाकारणार नाही. शशीलाही वर्गाची फी भरताना कोणाकडे हात पसरावा लागला नाही. चित्रपटातल्या तिच्या धाडसामागे ते लाडवांचे पैसे उभे आहेत, आणि ते तिचेच होते.

कोल्हापूरपुरते बोलायचे तर या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आणावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे आपण अभिमानाने सांगतो. मुलींच्या शाळांची जबाबदारी त्यांनी रखमाबाई केळवकरांवर सोपवली होती, रखमाबाईंच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर होऊन इथल्या रुग्णसेवेत आल्या, आणि तारुण्याच्या उंबरठ्यावरच विधवा झालेल्या आपल्या सुनेला, इंदुमती राणीसाहेबांना, घरातल्या विरोधाला न जुमानता सोनतळीला शिकवण्याची व्यवस्था महाराजांनी केली. हे सारे शिक्षणाचे झाले. पण महाराज तिथे थांबले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. नुसती बाई शिकवून भागणार नाही, तिच्याशी वागणाऱ्यालाही बांधून घेतले पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वी या गावाच्या राजाला कळले होते. शिकलेली सून त्याच घरात परत जाणार असते, आणि घर जसेच्या तसे राहिले तर शिकण्याचा तिला जाचच होतो.

अलीकडचे उदाहरण याच जिल्ह्यातले, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करायच्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. मला या ठरावाचे मोल फार वाटते, आणि ते त्याच्या रोखामुळे. हेरवाडने विधवांना एकत्र बसवून ‘धीट व्हा, कुंकू लावा’ असे सांगितले नाही. दुःखात बुडालेल्या एकट्या बाईने दहाव्याच्या दिवशी साऱ्या भावकीशी झगडावे, अशी अपेक्षा धरली नाही. गावाने स्वतःच्या वागण्याविषयी स्वतः ठराव केला, ओझे बाईच्या खांद्यावरून काढून गावाच्या खांद्यावर घेतले. अंमलबजावणीत कसर राहत असेलही. परंपरा एका ठरावाने जात नाही. तरी प्रश्न कोणाचा आहे हे त्या गावाने अचूक ओळखले, आणि गृहिणीच्या आत्मविश्वासाच्या बाबतीत आपण नेमके तेच ओळखायला तयार नाही.

माझ्या या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो मी टाळू इच्छित नाही. भाषेची अडचण काल्पनिक आहे काय? इंग्रजी आली नाही तर आजच्या जगात बाई खरोखर मागे पडते. मग तिला शिकवू नये काय? अवश्य शिकवावे. इंग्रजी शिकवावी, बँकेचे अर्ज भरणे शिकवावे, मोबाइलवरून पैसे पाठवणे शिकवावे, मालाचे हिशेब शिकवावेत. ज्ञान कोणाचेही वाया जात नाही, आणि शिकण्याचा आनंद हा स्वतःच एक हक्क आहे. माझा विरोध आहे तो शिकण्याला आदराची अट करण्याला. शशीला इंग्रजी आली नसती तर सतीशचे हसणे योग्य ठरले असते का? तिने मांडवात मराठीत किंवा हिंदीत तेच भाषण केले असते तर ते खोटे ठरले असते का? त्या भाषणात ती संसारातल्या बरोबरीबद्दल, एकमेकांना कमी न लेखण्याबद्दल बोलते, आणि ते सांगण्यासाठी इंग्रजी लागत नाही. चित्रपटातला माझ्या लेखी खरा दोष हा आहे: घरच्यांना पश्चात्ताप होण्यासाठी आधी तिला त्यांच्याच फूटपट्टीवर उत्तीर्ण व्हावे लागले. सतीश बदलतो, पण तो बदल फारच स्वस्तात पडतो. त्याला शिकायला एकही दिवस जावे लागत नाही.

भाषेचा हा प्रश्न कोल्हापुरातल्या घरांत आज एका वेगळ्या रूपाने आलेला आहे. गेल्या पंचवीस वर्षांत इथल्या मध्यमवर्गाने आणि त्यापाठोपाठ कष्टकरी कुटुंबांनीही मुलांना इंग्रजी माध्यमात किंवा सेमी इंग्रजीत घातले. आया मात्र मराठी माध्यमात शिकलेल्या आहेत. कोणी गडहिंग्लजच्या, कोणी कागलच्या, कोणी राधानगरीच्या शाळेत, आणि त्यांतल्या अनेक पुढे शिवाजी विद्यापीठाच्या पदवीधरही आहेत. पहिली-दुसरीपर्यंत मुलाचा अभ्यास घेणारी आई तिसरी-चौथीत थांबते, कारण गणिताचे उदाहरण तिला येत असते पण ते विचारले आहे ती भाषा तिच्या सवयीची नसते. मूल म्हणते, ‘आई, तुला नाही कळणार, राहू दे.’ मग शिकवणी लावली जाते. पालकसभेत शिक्षिका इंग्रजीत बोलतात, अनेकदा त्याही मराठीच असतात, समोरच्या साऱ्या आयाही मराठी असतात, आणि तरी सभा इंग्रजीत चालते, कारण शाळेची तशी प्रतिष्ठा आहे. ज्या आईला शंका असते ती हात वर करत नाही. घरी येऊन दुसऱ्या मुलाच्या आईला फोन करून विचारते. माझ्या ओळखीच्या एका वहिनी पदवीला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या आहेत. त्या पालकसभेला हटकून दिरांना पाठवतात. त्यांना हे ‘आत्मविश्वास नाही’ म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले. सभा मराठीत घ्या असे शाळेला सांगणारे कोणी भेटले नाही. चित्रपटातल्या त्या केरळी शिक्षकाने जितकी समज दाखवली, तितकी मराठी मुलखातल्या मराठी शिक्षकांकडून मागणे जास्त होत नाही. ही मागणी पालकांनी, विशेषतः वडिलांनी, लेखी करावी. तिला पैसा लागत नाही, कायदा लागत नाही, आणि तिचा परिणाम पुढच्याच सभेत दिसेल.

घरातल्या मुलग्यांचा विषय याहून अवघड आहे. शशीचा धाकटा सागर आईवर जीव टाकतो. तो गोड आहे, खोडकर आहे. पण त्याच्या घरात बाबांच्या हाती तो जे पाहतो ते वर्तमानपत्र आणि चहाचा कप आहे, आणि आणखी पंधरा वर्षांनी तोच सतीश होणार नाही याची हमी चित्रपट देत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि वडील एकत्र बसून भाजी निवडत आहेत अशी चित्रे दिली, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली, काहींनी चेष्टाही केली. त्या वर्षी दुसरीत असलेली मुले आता माध्यमिक शाळेत पोहोचली आहेत. त्यांनी पुस्तकात जे पाहिले ते त्यांना घरी पाहायला मिळाले का, हे त्यांच्या वडिलांवर अवलंबून होते आणि आहे. जिल्हा परिषदेने, महापालिकेने आणि महिला मेळाव्यांवर दरवर्षी खर्च करणाऱ्या सहकारी संस्थांनी पुढच्या वर्षीचे एक शिबिर पुरुषांसाठी ठेवून पाहावे. तालमीत ठेवावे, दूध संस्थेत ठेवावे, जिथे पुरुष आपणहून जमतात तिथे ठेवावे. विषय साधेच असावेत: घराच्या कागदावर दोघांची नावे कशी लावायची, बायकोच्या व्यवसायाची नोंदणी आणि खाते तिच्याच नावाने कसे करायचे, आणि ती वर्गाला किंवा बँकेत गेली असताना घरातले कोणते दोन तास आपण उचलायचे. रस्सा करता येणाऱ्या माणसाला यातले काहीही जड नाही.